कतरिना : खापर नक्की कुणाच्या डोक्यावर?

सातबारा
ऑगस्ट संपत आला की आमच्या इथल्या (अमेरिकेतल्या) कंपूत हा वाद हमखास निघतो आणि जेवणं थंड होतात. म्हणून एकदाचा इथे टाकतो. २००५ साली कतरिना वादळात लुइझियाना राज्यातलं न्यू ऑर्लीन्स बुडालं. डेमोक्रॅट मंडळी बुश आणि फेमाकडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती यंत्रणेकडे बोट दाखवतात. रिपब्लिकन मंडळी महापौर रे नेगिन आणि गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांच्याकडे. हे दोघेही डेमोक्रॅट, त्यामुळे भांडणाची वाटणी अगदी सोयीची झाली.

तारखा बघा. शुक्रवार २६ ऑगस्टला ब्लँकोंनी राज्यात आणीबाणी जाहीर केली. शनिवारी बुश यांनी केंद्राची केली. शनिवारी संध्याकाळपर्यंत नेगिन नुसतं "शहर सोडा असं सुचवतो" म्हणत होते. त्या रात्री राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे प्रमुख मॅक्स मेफील्ड यांनी स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. सक्तीचा आदेश निघाला रविवारी सकाळी. सोमवारी पहाटे वादळ किनाऱ्यावर. मधे जेमतेम वीस तास!

माझं मत सरळ आहे. आदेश एक दिवस आधी निघाला असता तर बहुतेक माणसं वाचली असती. दोष महापौरांचा. तुम्हाला काय वाटतं?

टिवल्याबावल्या
शीर्षक वाचून फारच वेगळ्या अपेक्षेने आलो होतो. असो. बसतो कोपऱ्यात.

उपरा_ह्यूस्टनकर
सातबारा, "एक दिवस आधी" या वाक्याची दुसरी बाजू मी रस्त्यावर बसून बघितली आहे.

कतरिनानंतर तीनच आठवड्यांनी रीटा आलं, रोख टेक्सासमधल्या ह्यूस्टन-गॅल्व्हेस्टनकडे. टीव्हीवर न्यू ऑर्लीन्सची छपरं ताजी होती. यावेळी आदेश वेळेवर निघाले, पण ज्यांना निघायला सांगितलं होतं ते निघाले आणि ज्यांना नव्हतं तेही निघाले. पंचवीस-तीस लाख माणसं एकदम रस्त्यावर. आम्ही डॅलसच्या दिशेने संध्याकाळी निघालो. सकाळ झाली तेव्हा ह्यूस्टनच्या उपनगरांतच होतो. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद, बाहेर मरणाचं ऊन, पंपांवर "संपलं"च्या पाट्या. बायकोने केलेल्या दशम्या पुढच्या गाडीतल्या मेक्सिकन आजींना दिल्या, त्यांनी आम्हाला पाणी दिलं. समोरून येणाऱ्या मार्गिका रिकाम्या होत्या. त्या उलट्या दिशेने खुल्या करायला फार उशीर झाला.

रीटा शेवटी पूर्वेला वळलं. त्या स्थलांतरातच शंभरच्या वर माणसं गेली. त्यातले २३ वृद्धाश्रमातले, डॅलसजवळ त्यांच्या बसला आग लागली. म्हणजे वादळापेक्षा पळण्यात जास्त मेले.

पुढे २०१७ ला हार्वी आलं तेव्हा महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी ह्यूस्टन रिकामं करायचा आदेश दिलाच नाही. गव्हर्नर ॲबट मात्र लोकांना सांगत होते, आदेश नसला तरी निघायचा विचार करा. एकाच वेळी दोन आवाज. नंतर अर्थातच टर्नरवर टीकेचा पाऊस. पण रीटाचा रस्ता ज्याने बघितलाय तो टर्नरला एकदम मूर्ख म्हणणार नाही.

शेवंती
उपरा, शंभर टक्के. आणि सातबारा, तुमच्या तारखांच्या यादीत एक तारीख राहिली: २९. महिनाअखेर. न्यू ऑर्लीन्समध्ये लाखाच्या वर लोकांकडे गाडीच नव्हती. सरकारी मदतीचा धनादेश एक तारखेला येतो, पगारही संपलेला. मोटेलचं भाडं, पेट्रोल, चार दिवसांचं बाहेरचं खाणं कशातून करायचं? आदेश शनिवारी काय, शुक्रवारी दिला असता तरी या माणसांनी चालत बॅटन रूज गाठलं असतं का?

ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते गेले. खूप गेले. शहरातली ऐंशी टक्क्यांवर माणसं बाहेर पडली, शनिवारी दुपारपासून महामार्गाच्या दोन्ही बाजू बाहेर जाण्यासाठी खुल्या होत्या, आणि ते काम चांगलं झालं होतं. आदल्या वर्षी आयव्हन वादळाच्या वेळी झालेल्या कोंडीतून राज्याने धडा घेतला होता. पण तो धडा गाडीवाल्यांसाठीच होता.

घाटमाथा
शेवंती, मग त्या शाळेच्या बसेसचं काय? पाण्यात ओळीने बुडालेल्या पिवळ्या बसेसचा फोटो सगळ्या जगाने बघितला. शहराच्या स्वतःच्या आराखड्यात लिहिलेलं होतं की गाडी नसलेल्यांना बाहेर काढायला या बसेस वापरता येतील. त्या उंचावर नेऊन उभ्या करायचीसुद्धा कुणाला बुद्धी झाली नाही. यात बुशचा काय संबंध? गल्लीतलं काम दिल्लीवर ढकलायची सवय सगळीकडे सारखीच.

आणि थोडं कडू बोलतो. काही लोक गाडी असूनही थांबले. "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" म्हणून थांबले. त्यांची जबाबदारी कुणाची?

शेवंती
बस चालवायला ड्रायव्हर लागतो, घाटमाथा. रविवारी सकाळी ड्रायव्हरसुद्धा आपल्या बायकापोरांना घेऊन शहराबाहेर पडत होते, आणि ते चूक नव्हते. शिवाय बस भरून न्यायची कुठे? पुढच्या गावात उतरवून घेणारं कुणी आधी ठरवलेलं हवं. शहराने सिटी बसेस चालवल्या, पण त्या लोकांना गोळा करून सुपरडोममध्ये, म्हणजे शहरातल्याच छप्पर असलेल्या स्टेडियममध्ये, नेत होत्या. शहरातल्या शहरात.

मोडी_लिपी
बसेसचा विषय निघालाच आहे तर पुढचा भागही सांगतो. वादळ गेल्यावर ब्लँकोंनी फेमाकडे ५०० बसेस मागितल्या. फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन हो म्हणाले. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. सुपरडोममध्ये वीस हजारांच्या वर माणसं, छप्पर फाटलेलं, संडास तुंबलेले. कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तितकीच, तिथे तर ना अन्न ना पाणी ना पोलीस. गुरुवारी रेडिओवर गृहसुरक्षा मंत्री मायकेल चेर्टॉफ यांना विचारलं तर त्यांना तिथल्या गर्दीची खबरच नव्हती. देशभर लोक टीव्हीवर ती गर्दी बघत होते!

ब्राउन साहेब त्याआधी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत बडे अधिकारी होते. शुक्रवारी बुश यांनी चारचौघांत त्यांची पाठ थोपटली आणि दहा दिवसांत राजीनामा घेतला.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हे सगळं आधी माहीत होतं. जुलै २००४ मध्ये फेमाच्या पैशाने 'हरिकेन पाम' नावाचा सराव झाला होता. काल्पनिक वादळ, बुडालेलं न्यू ऑर्लीन्स, अडकलेली लाखभर माणसं. वाहतुकीचा भाग त्यात अर्धवटच राहिला. २००३ मध्ये फेमाला गृहसुरक्षा खात्याच्या पोटात घातलं होतं आणि त्या खात्याचं सगळं लक्ष दहशतवादाकडे. म्हणून घाटमाथा, बुशचा संबंध आहे.

टिवल्याबावल्या
घोड्यांचा माणूस आपत्तीवर नेमला यात नवल काय? आमच्याकडे उलटं असतं, आपत्तीच नेमणुकीवर येते. (हलके घ्या)

पाणलोट
इतका वेळ वाचत होतो. पेशाने बांधकाम अभियंता, मातीच्या बांधांवर काम केलंय, म्हणून माझी तक्रार वेगळी. तुम्ही सगळे आदेश आणि बसेसवर भांडताय, आणि ज्याने शहर बुडवलं त्याचं नावच अजून कुणी घेतलेलं नाही.

कतरिना किनाऱ्यावर आलं तेव्हा (पाचपैकी) तिसऱ्या श्रेणीचं होतं आणि त्याचा सर्वांत जोरदार तडाखा मिसिसिपीच्या किनाऱ्याला बसला. न्यू ऑर्लीन्स वाऱ्याने नाही, भिंती फुटल्याने बुडालं. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालवा आणि लंडन अव्हेन्यू कालवा, या दोन्ही ठिकाणच्या पूरभिंतींवरून पाणी वाहिलंच नाही. पाणी माथ्यापर्यंत पोचायच्या आतच भिंती पायाशी सरकल्या. खाली कुठे मऊ माती, कुठे वाळू, आणि पत्र्याचे खांब पुरेसे खोल नाहीत. ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. या भिंतींचा आराखडा लष्कराच्या अभियंता दलाचा, म्हणजे आर्मी कोअरचा. २००६ मध्ये त्यांनी स्वतःच्या अहवालात चूक मान्य केली. लोक कोर्टात गेले, पण १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारला नुकसानभरपाईपासून संरक्षण दिलेलं आहे. न्यायाधीशांनी कोअरवर ताशेरे ओढले आणि दावा फेटाळला.

भिंती टिकल्या असत्या तर आज नेगिन यांनी आदेश किती वाजता दिला हे एका माणसाच्या लक्षात नसतं.

सातबारा
पाणलोट, हे मला खरंच तपशिलात माहीत नव्हतं. पण भिंती कमकुवत आहेत असं गृहीत धरून तरी आदेश लवकर द्यायला हवा होता ना? रविवारी सकाळी स्लायडेलच्या हवामान कार्यालयाने जे पत्रक काढलं होतं त्यात स्पष्ट लिहिलं होतं की बराचसा भाग कित्येक आठवडे राहण्याजोगा राहणार नाही.

पाणलोट
द्यायला हवा होता. नेगिनची वकिली मी करत नाही. (पुढे लाचखोरीत दहा वर्षं शिक्षा झाली त्यांना, ते प्रकरण वेगळं.) एवढंच म्हणतो की आदेशाची वेळ मोजायला सोपी, म्हणून सगळे तिथेच जाऊन बसतात. चॅनेलवाल्यांना घड्याळ दाखवता येतं, मातीची चाचणी दाखवता येत नाही.

गलबत
कोकणातून लिहितोय. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आदळलं. आमच्याकडे आदल्या दिवशी तलाठी, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीचा शिपाई घरोघर फिरले. करोनाचे दिवस, लोक शाळेत एकत्र झोपायला घाबरत होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, "वाऱ्यानं मेले तर एकदाच मरेन." शेवटी पोलीस पाटलाने त्यांची म्हैस आधी सोडून नेली, मग काकी आपोआप मागून गेल्या.

माणसं वाचली. आरोपांची फेरी नंतर सुरू झाली, पण ती इशाऱ्यावरून नाही. सुपारीच्या बागा आडव्या, वीज कित्येक आठवडे नाही, आणि पंचनाम्यात झाडं मोजायची की क्षेत्र यावर वाद. इशारा देणारं सरकार आणि पंचनामा करणारं सरकार एकच आहे यावर गावात कुणाचा विश्वास बसत नव्हता.

उपरा_ह्यूस्टनकर
गलबत, म्हशीची गोष्ट भारी! आणि अगदी लागू आहे. कतरिनाच्या वेळी कित्येक लोक कुत्र्या-मांजरांना सोडून यायला तयार नव्हते म्हणून घरातच थांबले. बचाव नौकांनी आणि आसऱ्याच्या जागांनी जनावरं नाकारली. २००६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला की स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय हवी.

टिवल्याबावल्या
तरी म्हणतो, आमच्या पोलीस पाटलाला फेमावर घ्या.

मोडी_लिपी
गलबत यांच्या मुद्द्यात ओडिशाची भर घालतो. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर राज्याने स्वतःचं आपत्ती प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गावागावात पथकं तयार केली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या घरात लोक हलवले आणि मृत्यू दोन आकड्यांत राहिले. तिथे निवारा चालत जाण्याच्या अंतरावर असतो. न्यू ऑर्लीन्समधल्या माणसाला दुसऱ्या शहरात जायला सांगत होते.

घाटमाथा
ओडिशात सरकारने चांगलं केलं म्हणजे ते कुणाचं सरकार होतं हेही सांगा की. आणि इथे महाराष्ट्रात २६ जुलैला

व्यवस्थापक
घाटमाथा यांचा उरलेला प्रतिसाद उडवला आहे. भारतातल्या पक्षांची हाणामारी या धाग्यावर नको, त्यासाठी वेगळे धागे ओसंडून वाहत आहेत.

घाटमाथा
बरं. पक्ष सोडून बोलतो. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी, आणि महिन्याभराने कतरिना. तेव्हा इथल्या पेपरांत लेखांचा पूर आला होता की मुंबईकरांनी एकमेकांना घरात घेतलं आणि अमेरिकेत लूटमार झाली. मीही असे लेख पुढे पाठवले होते. आज काय वाटतं?

शेवंती
लूटमारीच्या बऱ्याच बातम्या फुगवलेल्या निघाल्या. सुपरडोममध्ये खून आणि बलात्कारांच्या ज्या कहाण्या खुद्द महापौर टीव्हीवर सांगत होते, त्यातल्या बहुतेकांना नंतर आधार सापडला नाही. पण त्या अफवांनी काम केलं. सशस्त्र बंदोबस्त हवा म्हणून मदत थांबवून ठेवली गेली. १ सप्टेंबरला शहरातून चालत निघालेले लोक मिसिसिपीवरच्या पुलावर पोचले, तर पलीकडच्या ग्रेटना गावच्या पोलिसांनी हवेत गोळ्या झाडून त्यांना परत पाठवलं. आदेश पाळून निघालेल्या माणसांची ही गत! आणि एकमेकांना मदत तिथेही झाली. लोक स्वतःच्या मच्छीमार होड्या घेऊन छपरांवरून शेजाऱ्यांना उतरवत होते. तटरक्षक दलाने एकट्याने तेहतीस हजारांवर लोक वाचवले. त्यावर फार कमी लेख आले.

उपरा_ह्यूस्टनकर
+१. अजून एक, मृतांबद्दल. वर्षानुवर्षं १८३३ हा आकडा सांगितला जायचा. हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये तो १३९२ वर आणला. लुइझियानातल्या मृतांत जवळजवळ निम्मे पंचाहत्तरीच्या पुढचे होते. शहराजवळच्या एका वृद्धाश्रमात ३५ जण बुडाले. मालक नवरा-बायकोवर खटला चालला आणि ते सुटले. त्यांच्या वकिलांचा मुद्दा हाच होता की आजारी म्हाताऱ्यांना हलवण्यातही मरण असतं. आणि तीनच आठवड्यांनी ती डॅलसजवळची बस जळाली.

आंबोळी
उत्तम धागा. वाचनमात्र होते, आता विचारते. माझा भाचा या महिन्यात एमएससाठी टँपाला गेलाय. ताई रोज वादळाचा नकाशा बघते आणि मला फोन करते. तिथे आदेश कोण देतं? कधी निघायचं कसं कळतं?

सीगल
आंबोळी, फ्लोरिडात वीसेक वर्षं आहे, सांगते. आदेश काउंटी देते, म्हणजे आपला जिल्हा समजा. किनाऱ्यालगतच्या भागांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली असतात, ए सर्वांत आधी रिकामा होतो. पत्ता टाकला की काउंटीच्या संकेतस्थळावर अक्षर कळतं. सक्तीचा आदेश असला तरी कुणी हात धरून बाहेर काढत नाही. हार्वीच्या वेळी टेक्सासच्या रॉकपोर्टमधल्या एका पदाधिकाऱ्याने तर न निघणाऱ्यांना दंडावर मार्करने नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर लिहून ठेवायला सांगितलं होतं.

आता धाग्याच्या विषयावर. २०२२ च्या इयान वादळात आमच्याकडे हाच खापराचा खेळ झाला. अंदाजाचा मध्य टँपाकडे होता, तिथल्या काउंटीने सोमवारीच आदेश दिला. खालच्या ली काउंटीने मंगळवारी सकाळी दिला. वादळ बुधवारी दुपारी तिथेच आदळलं. काउंटीच्या स्वतःच्या आराखड्याप्रमाणे आदेश आधी निघायला हवा होता असं पत्रकारांनी दाखवलं, गव्हर्नर डिसँटिस काउंटीच्या बाजूने उभे राहिले. फ्लोरिडात दीडशेच्या आसपास माणसं गेली. टँपातले लोक मात्र म्हणाले, उगाच पळवलं. मग २०२४ मध्ये मिल्टन. टँपाच्या महापौर जेन कॅस्टर टीव्हीवर म्हणाल्या, थांबलात तर मराल. वादळ थोडं दक्षिणेला लागलं आणि टँपा बेचं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. पुन्हा "उगाच घाबरवलं". पुढच्या वेळी ही मंडळी निघतील का, ही माझी खरी काळजी.

टिवल्याबावल्या
सीगलताई, वादळाचं नुकसान वॉफल हाउसवरून मोजतात म्हणे, ते खरं आहे का?

सीगल
खरं आहे. चोवीस तास उघडी असणारी उपाहारगृहं. क्रेग फ्यूगेट फेमाचे प्रमुख होते तेव्हा त्यांनी हा हिशोब प्रसिद्ध केला. पूर्ण मेनू मिळत असेल तर हिरवा, मोजकाच असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल, म्हणजे परिस्थिती खरोखर वाईट.

टिवल्याबावल्या
कोल्हापुरात मिसळीवर चालेल. तर्री संपली की पिवळा.

सातबारा
मूळ मुद्द्यावर येतो. माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. नेगिन यांनी शनिवारी आदेश दिला असता तर गाडी असून रेंगाळलेले काही जण निघाले असते, एवढं तरी मान्य करा. घाटमाथांचे "मागच्या वेळी काही झालं नव्हतं"वाले.

शेवंती
ते मान्य. आणि न्यू ऑर्लीन्सने पुढे काय केलं तेही बघा. २००८ ला गुस्ताव आलं तेव्हा महापौर नेगिनच होते. यावेळी गाडी नसलेल्यांना ठरलेल्या थांब्यांवरून उचलून बस आणि रेल्वेने शहराबाहेर नेलं. सुपरडोम उघडलाच नाही, म्हणजे थांबायची सोयच नाही. दक्षिण लुइझियानातून १९ लाख लोक हलले. त्याच नेगिनना तीन वर्षांत जमलं, कारण बस, ड्रायव्हर आणि पलीकडची उतरायची जागा तिन्ही आधी ठरलेलं होतं. २०२१ ला आयडा इतक्या झपाट्याने वाढलं की शहरभर आदेश द्यायला वेळच नव्हता. तेव्हा चौदा अब्ज डॉलरच्या वर खर्चून बांधलेली नवी पूरसंरक्षण व्यवस्था टिकली. वीज गेली आणि त्यानंतरच्या उकाड्याने माणसं गेली, ते वेगळं.

पाणलोट
ते वेगळं नाही हो. पण त्यासाठी नवा धागा काढतो.

आंबोळी
सीगल, भाच्याने पत्ता टाकून बघितला. झोन ए निघाला. गाडी नाहीये त्याच्याकडे, म्हणतो "आदेश आला की बघू".

सीगल
त्याला सांगा, आजच काउंटीच्या संकेतस्थळावर आदेशाच्या वेळच्या बसेस कुठून सुटतात आणि कुठल्या निवाऱ्याला जातात ते शोधून ठेव. विद्यापीठाची काय सोय असते तेही विचार. आणि आतल्या बाजूला राहणारा, गाडीवाला एक मित्र गाठ. पाणी यायच्या भागातून निघायचं, एवढंच. दोनशे मैल लांब जायची गरज नसते. ताईंना माझा नंबर हवा असेल तर निरोपातून देते.